हळू आवाजात बोलू नका

माझा आवाज मोठा आहे. लहानपणी धुळ्यात आमच्या गल्लीत कुणाला लांबून हाक मारायची असली, की लोक मला पुढे करायचे. नर्सिंगला आले आणि तोच आवाज सगळ्यांना खुपायला लागला. "सिस्टर, जरा हळू" हे मी इतक्यांदा ऐकलंय, की माझं नावच तसं आहे असं एखाद्या पेशंटला वाटलं असेल. राग आला की आवाज आणखी चढतो, आणि राग मला लवकर येतो. कुणी आयसीयूत चपला घालून आलं, पेशंटच्या उशाशी बसून वेफर्स खाल्ले, हात न धुता पेशंटच्या तोंडावरून हात फिरवला, की मी सुरू होते.

म्हणून नातेवाइकांशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण धुळ्याला निघालं, तेव्हा आमच्या मेट्रनबाईंनी सगळ्यात आधी माझ्याकडे पाहिलं. मी खुशीत गेले. जळगावहून धुळं म्हणजे मला माहेर. दिवसा प्रशिक्षण, संध्याकाळी आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा. असं प्रशिक्षण रोज असलं तरी माझी ना नव्हती.

शिकवायला पुण्याकडच्या एक मॅडम होत्या. चांगल्या होत्या हो, खोटं कशाला बोलू. त्यांनी सांगितलं, वाईट बातमी उभ्या माणसाला सांगू नका. आधी बसवा, पाणी द्या. त्याच्या समोर, त्याच्याएवढ्या उंचीवर बसा. आवाज खाली आणा, घाई करू नका, खांद्यावर हात ठेवा. "मला समजतंय तुम्हाला काय वाटत असेल," असं म्हणा. आम्ही एकमेकींवर सराव केला. मी नातेवाईक झाले तेव्हा माझी मैत्रीण इतक्या मऊ आवाजात बोलली, की मला हसू फुटलं आणि मॅडम रागावल्या. त्यासुद्धा हळूच रागावल्या.

त्या संध्याकाळी मी घरी आईवर प्रयोग केला. ती चुलीपाशी होती. मी तिला धरून खुर्चीवर बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला, समोर बसून खांद्यावर हात ठेवला आणि अगदी खालच्या आवाजात म्हटलं, "आई, मला तुझ्याशी थोडं बोलायचंय." आईचा चेहरा पांढराफटक पडला. "काय व्हयनं?" ती म्हणाली, "कोन गयं?"

मी पोट धरून हसले. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आता एक गोष्ट आमच्याकडची. खानदेशात 'गेला' हा शब्द फोनवर कुणी बोलत नाही. ऐकणारा एकटा असतो, त्याला प्रवास करायचा असतो, वाटेत त्याचंच काही व्हायला नको. म्हणून 'सिरियस आहे, लवकर या' असं म्हणतात आणि उरलेलं ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. शिरपूरचा मामा गेला तेव्हा वडिलांचा फोन आला, "मामा सिरियस शे, लवकर ये." मी काही विचारलं नाही. एसटीत बसले, आणि अमळनेर येईपर्यंत माझं रडून झालं होतं. मग खरोखर सिरियस असलेल्या माणसाबद्दल फोनवर काय म्हणायचं, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता.

पडला तो त्यानंतरच्या पावसाळ्यात, जळगावच्या आमच्या दवाखान्यात.

दुपारच्या ड्यूटीला आले तर दारात जवळच्या असोदा गावच्या दोन गाड्या उभ्या. कडुलिंबाखाली बाया डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या, पुरुष टोप्या सावरत खालच्या आवाजात बोलत उभे. कुणीतरी गेलं, हे सांगायला लागत नाही. मी जिना चढत मनाशी म्हटलं, आज सुरुवातच अशी. वर जाऊन सकाळच्या सिस्टरकडून चार्ज घेतला तर एकही मृत्यू नाही.

"मग खाली असोदा कुणासाठी आलंय?" मी विचारलं.

तिनं खिडकीजवळच्या पलंगाकडे बोट केलं.

पलंगावर चाळिशी ओलांडलेला एक केळीवाला शेतकरी होता. शेतीला वीज रात्रीची, म्हणून पाणी द्यायला मळ्यात गेला आणि तिथल्या खोलीत जमिनीवरच आडवा झाला. झोपेत मण्यार चावली. मण्यारचा चावा दुखत नाही, सूजही येत नाही, कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या जड झाल्या, जीभ जड झाली, दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास अडकायला लागला. धाकट्या भावानं मोटरसायकलवर पुढे बसवून, कमरेला आवळून धरून आणलं. लगेच औषध सुरू झालं, व्हेंटिलेटर लागला. पण विष अंगात भिनलं होतं. डोळे उघडत नव्हते, हात हलत नव्हता, मान हलत नव्हती, छातीसुद्धा मशीन हलवत होतं. पापण्या अर्धवट राहून डोळे सुकू नयेत म्हणून त्यावर ओलं गॉज ठेवून चिकटपट्टी लावली होती. असा माणूस पाहून तुम्ही काय म्हणाल? मीही तेच म्हटलं असतं, जर माहीत नसतं तर.

मण्यारचं विष नसांना झोपवतं, मेंदूला नाही. आत माणूस जागा असतो. त्याला ऐकू येतं, हात लावलेला कळतो, सुई टोचली तर दुखतं. फक्त 'आई गं' म्हणता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी हे भावाला सकाळीच नीट समजावलं होतं. औषध लागू पडतंय, वेळ लागेल, पण बरे होतील. आणि शेवटी, प्रामाणिक माणूस म्हणून, "अजून सिरियस आहेत हं," एवढंही सांगितलं होतं.

भाऊही तितकाच प्रामाणिक. त्यानं तिथंच पलंगापाशी उभं राहून घरी फोन लावला आणि डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा पोचवला. "आबा, दादा सिरियस हाये. वहिनीले घेऊन या."

बास. आबा म्हणजे त्यांचे थोरले चुलते, घरातला शेवटचा शब्द. त्यांनी फोन ठेवला आणि गावात सांगितलं. गोवऱ्या काढल्या गेल्या, पाहुण्यांना कळवलं गेलं. कुणीतरी मोबाईलवर त्याचा मळ्यातला फोटो फुलांच्या चौकटीत घालून, खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहून ग्रुपवर टाकून दिला. बायकोला गाडीत बसवलं तेव्हा तिच्या चुलतसासूनं तिचं कुंकू पुसलं.

आणि वर आल्यावर त्यांना दिसलं काय? डोळ्यांवर पट्ट्या, निपचित पडलेला देह, आणि मशीनच्या तालावर वर-खाली होणारी छाती.

"मानूस गेलेला हाये," आबा डॉक्टरांना म्हणत होते. रागानं नव्हे, उलट समजुतीनं. "आमाले फसवू नका डॉक्टरसाहेब. तुमी मशीननं छाती हालवू ऱ्हायले. बठ्ठं गाव खाली उभं हाये. आमचं मानूस आमाले द्या."

डॉक्टर तरुण पण शांत. मशीन काढलं तर काही मिनिटांत श्वास थांबेल, असोद्याचा फाटा येण्याआधी हा माणूस जाईल, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आबांनी मान डोलावली. डॉक्टर दुःखी लोकांची समजूत घालतायत, असंच त्यांना वाटत होतं. शेवटी आबा म्हणाले, "ठीक हाये. सूनबाई म्हनीन तसं." म्हणजे बायको 'हो' म्हणाली की ते त्याला नेणार. धाकटा भाऊ भिंतीला टेकून उभा होता, "मी तं फक्त सिरियस म्हटलं," एवढंच पुटपुटत.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, तुम्ही ते ट्रेनिंग करून आल्या ना? त्या वहिनींशी बोला. त्या नाही म्हणाल्या तरच हा माणूस वाचेल."

ती कॉरिडॉरमध्ये भिंतीशी जमिनीवर बसली होती. माझ्याच वयाची असेल. कपाळ पुसलेलं, पदराच्या टोकाला लाल डाग. रडत नव्हती. मी सगळं केलं. खुर्ची आणली, तिला उठवून बसवलं, पाणी दिलं. माझ्यासाठी दुसरी खुर्ची ओढून समोर बसले, खांद्यावर हात ठेवला आणि आवाज इतका खाली आणला, की माझा मलाच ओळखू येईना.

"ताई, तुमचे मालक जिवंत आहेत."

तिनं मान हलवली.

"त्यांना साप चावलाय. अंग हलत नाही, पण त्यांना सगळं ऐकू येतं. ते बरे होणार आहेत."

पुन्हा मान हलवली. आता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला बरं वाटलं. मॅडमनी सांगितलं होतं, रडू येणं चांगलं.

"मला समजतंय तुम्हाला काय वाटत असेल," मी म्हटलं.

तिनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुमी लय चांगल्या हाये सिस्टर," ती म्हणाली. "इतकं कोनी करत नही." मग डोळे पुसून, एखादी साधी गोष्ट विचारावी तसं तिनं विचारलं, "कव्हा गेले? सकाईच का?"

चुलीपाशी खुर्चीवर बसलेली माझी आई मला दिसली. मी हिला बसवलं होतं, पाणी दिलं होतं, खांद्यावर हात ठेवला होता, हळू बोलले होते. आमच्या भागात हे सगळं एकाच वेळी केलं जातं, आणि एकीसाठीच केलं जातं. 'बरे होतील' हेसुद्धा तेव्हाच सांगतात. मी जितकी मऊ होत होते, तितका तिचा नवरा तिच्यासाठी जास्त मरत होता. आणखी थोडा वेळ मी अशीच चांगली वागले असते, तर तिनं 'न्या घरी' म्हटलं असतं आणि मला हात जोडले असते.

मला राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही. त्या शब्दाचा असेल, आमच्या सगळ्यांच्या या भल्या चालीरीतीचा असेल. पण राग आला, आणि माझा आवाज परत आला.

"उठा!" मी ओरडले. "बसून काय राहिल्या? घरी बिछान्यावर नवरा पडला असता तर अशाच बसल्या असत्या का? चपला काढा त्या! दवाखान्यात आणल्या तेव्हापासून त्यांचे पाय तसेच चिखलाचे आहेत, सकाळपासून कुणाला सवड नाही. मी एकटी कुणाकुणाचं करू? हात धुवा कोपरापर्यंत, साबण लावून. आणि चला, धरू लागा मला!"

सगळा कॉरिडॉर माझ्याकडे बघायला लागला. चुलतसासू जिन्यातून धावत आली, "अवं बाई, तिच्यावर काय वरडती! तिच्यावर काय वेय आली ते तं पाय!"

पण ती उठली होती. खरंच उठली होती. पाणी तिनं खुर्चीवर ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं आतापर्यंत एकदाही पाहिलं नव्हतं. डोळे बारीक करून, तपासून. नवरा गेलेल्या बाईला कुणी काम सांगत नाही. तिला कुणी चपला काढायला लावत नाही, साबणाचा दम देत नाही. तिच्यावर ओरडत तर मुळीच नाही. हे तिलाही ठाऊक होतं. तिनं चपला काढल्या आणि नळाशी गेली. इतके रगडून हात मी आमच्या शिकाऊ मुलींनाही कधी धुताना पाहिलेलं नाही.

आत आलो. न हलणाऱ्या पेशंटलासुद्धा आपण काय करतोय ते सांगून मगच हात लावायचा, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. ड्यूटीवर आल्याबरोबर मी त्याच्या कानाशी सांगून ठेवलं होतं, भाऊ, तुम्हाला साप चावलाय, औषध दिलंय, बरे होणार, घाबरू नका. आताही गरम पाण्याचं भांडं पलंगाशी ठेवून मी खणखणीत म्हटलं, "भाऊ, तुमच्या घरच्या आल्यात. गरम पाणी आणलंय. आंघोळ घालतो तुम्हाला."

मी वरून सुरुवात केली, तिला पायांकडे उभं केलं. पोटऱ्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, ते कधी निघत नाहीत. टाचांच्या भेगांत काळी माती बसलेली. ती सुरुवातीला अगदी जपून, देवाला पुसावं तसं पुसत होती. मग भेगांतली माती निघेना तशी हाताला जोर आला. आणि मग तोंडही सुरू झालं. "या टाचा पाहा याईच्या. कितीक वेया सांगितलं, वावरात चप्पल घाला, चप्पल घाला. आयकतीन तं शपथ." बायको बोलायला लागली म्हणजे अर्धं काम झालं, असं मला मनात वाटलं.

एकाएकी ती थांबली.

"सिस्टर."

"काय?"

"अंगठा."

मी पलंगाला वळसा घालून गेले. तिनं त्याचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला होता. मी तिच्या हातांखाली बोट घालून अंगठ्याला लावलं. गार, ओला अंगठा. काही नाही. मी बोट तसंच ठेवलं. काही नाही. आणि मग तो हलला. ज्वारीच्या दाण्याएवढा, तेवढाच. पण हलला. माझ्या बोटाला कळलं.

इतकी वर्षं मी हे काम करते. जन्म पाहिलेत, मृत्यू पाहिलेत. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते पूर्वी कधी वाटलं नव्हतं. एवढा मोठा देह बंद झाला होता, दारं-खिडक्या सगळ्या लागल्या होत्या, आणि आतला माणूस धडपडत धडपडत सगळ्यात लांबच्या टोकाला जाऊन तिथून दार वाजवत होता. मी डॉक्टरांना हाक मारली, ती बहुधा खालच्या कडुलिंबापर्यंत गेली असणार.

डॉक्टर धावत आले, त्यांनी पाहिलं, त्यांचा चेहरा उजळला. मागोमाग आबा आले, भाऊ आला, चुलतसासू आली. नियम माझे मीच मोडले, सगळ्यांना आत घेतलं. आबांनी पाहिलं आणि म्हणाले, "मशीनचा झटका असीन."

तेव्हा तिनं, जिनं त्यांच्यासमोर कधी मान वर केली नसेल, तिनं पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "मशीन छातीले हाये आबा. पायाले नही."

मी म्हटलं, "त्यांनाच विचारा. भाऊ, आता तुमच्या घरच्या विचारतील. 'हो' असेल तर अंगठा हलवा. 'नाही' असेल तर राहू द्या."

ती त्याच्या कानाशी वाकली. "आयकू येतं का तुमाले?"

अंगठा हलला. भावाच्या तोंडून हुंदका फुटला.

"मी कोन हाये?"

"हो-नाही विचारा!" मी दटावलं.

मग आबांकडे एकदा बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "तुमाले घरी नेऊ का?"

सगळे त्या अंगठ्याकडे बघत होते. आबा, डॉक्टर, शेजारच्या पलंगाची सिस्टर, दारातून डोकावणारा वॉर्डबॉय. एका माणसाच्या पायाच्या अंगठ्याकडे इतक्या माणसांनी इतकं जीव लावून कधी पाहिलं नसेल. मशीन फुस्स करून श्वास देत होतं, परत घेत होतं. अंगठा हलला नाही. थकला असेल का? मघाचं हलणंच शेवटचं असेल का? माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं.

"मंग इथीच ठेवू का?" तिचा आवाज फाटला.

अंगठा हलला. आणि कुणी काही विचारलेलं नसताना पुन्हा हलला. पुन्हा हलला.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मिळेल त्या स्टुलावर बसले. म्हातारा माणूस असा ओक्साबोक्शी रडताना मी फार वेळा पाहिला नाही. "पोरा," एवढंच म्हणत होते, "पोरा रे."

मग काय विचारता. भावानं लगेच विचारून घेतलं, "दादा, वरच्या वावरात पानी सोडू का?" अंगठा हलला. चुलतसासूनं विचारलं, मला ओळखलं का. हलला. आबांना त्याचा सल्ला हवा होता, या आठवड्यात केळी कापायची की थांबायचं. तेव्हा मात्र मी सगळ्यांना बाहेर हाकललं. हे आयसीयू आहे, ग्रामपंचायत नव्हे, असं काहीतरी ओरडल्याचं आठवतं. यावेळी कुणाला माझा राग आला नाही. बाहेर जाताना चुलतसासूनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

ती मात्र दारात रेंगाळली. "सिस्टर, कुकू हाये का?" मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट दिलं. तिनं आरशाशिवायच एक टिकली लावली. जरा वाकडी बसली होती. मी सरळ केली नाही.

पुढे दिवसेंदिवस एकेक अवयव जागा होत गेला. आधी बाकीची बोटं, मग तळहात, मग पापण्या. ती रोज यायची, हात धुवायची आणि त्याच्याशी बोलत बसायची. मॅडमनी सांगितलेलं त्यात काहीही नव्हतं. धीर नाही, गोड बोलणं नाही. म्हशीनं दूध कमी केलं, मोटर बिघडली, तुमच्या बहिणीचा फोन आला होता, तुम्ही मळ्यातल्या खोलीत काय पसारा करून ठेवलाय. मी शेजारच्या पलंगाचं सलाईन बदलता बदलता ऐकायची आणि चकित व्हायची. त्याच्या हृदयाचे ठोके ती आली की स्थिरावत. मी पडद्यावर बघायची आणि मला वाटायचं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवणार? माणूस आपल्यातलाच आहे, हे त्याला कळेल असं बोलायचं, एवढंच ते असावं. काहींना ते मऊ आवाजात कळतं. मॅडम खोट्या नव्हत्या. पण आधी समोरच्याकडे मऊ आवाजाचा अर्थ काय होतो, ते विचारायला हवं. तेव्हापासून मी नव्या मुलींना पहिली गोष्ट ही सांगते, आणि 'सिरियस' हा शब्द माझ्या वॉर्डात कुणालाही उच्चारू देत नाही. 'जिवंत आहेत' म्हणा, म्हणते. आधी तेवढं म्हणा, मग बाकीचं.

घशातली नळी निघाल्यावर काही दिवस त्याचा आवाज घोगरा होता, अर्धा श्वासच बाहेर यायचा. घरी जायच्या दिवशी तो पलंगावर पाय सोडून बसला होता, नव्या चपला घालून. भावाच्या मोबाईलवर स्वतःची श्रद्धांजली वाचत होता. कुणी चार ओळी लिहिल्यात, कुणी नुसते हात जोडलेत, हे त्यानं बारकाईनं पाहिलं आणि नुसते हात जोडणाऱ्यांची आठवण ठेवणार असं सांगितलं. आम्ही सगळे हसलो. बायको मागे पिशवी भरत होती.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही तेव्हा अंगठ्यानं 'हो' म्हटलं नसतं तर आज काय झालं असतं?"

मोबाईल त्यानं बाजूला ठेवला.

"रागावू नका सिस्टर," तो म्हणाला. "सकाई भावानं फोन केला, दादा सिरियस हाये. मी आयकलं. डोये उघडत नही, हात हालत नही. मी म्हटलं, चला. गेलो आपन."

"अहो, पण मी तुम्हाला सांगितलं होतं ना, बरे होणार म्हणून? कानात सांगितलं होतं!"

"सांगितलं ना. मले वाटलं, मेलेल्याले असंच सांगत असतीन. त्यानं घाबरू नही म्हनून."

तो खाली, आपल्या पायांकडे बघत बोलत राहिला.

"मंग तुमी म्हटलं, घरच्या आल्या, गरम पानी आनलं, आंघोय घालतो. तवा पक्कं समजलं. आता आंघोय झाली का बाहेर काढतीन. जेवढा जीव ऱ्हायला होता तेवढा बठ्ठा गोया केला आन् अंगठ्यात घातला. ते 'हो-नही' तुमी मंग शिकवलं. पयल्यांदा हालला तवा मी 'हो' नही म्हनत होतो सिस्टर. मी बोंबलत होतो, का जायू नका, जायू नका."

त्या घोगऱ्या आवाजात मला 'जाऊ नका' ऐकू आलं. मी हसून म्हटलं, "कुठे जाणार होते मी? माझी ड्यूटी होती."

तो हसला नाही. त्यानं मान हलवली आणि घशात जोर आणून तो शब्द आमच्या शहरी पद्धतीनं, नीट, सावकाश उच्चारला.

"जाळू नका."

पिशवी भरणारे हात थांबले. तिलाही हे आत्ताच कळत होतं. तिनं पिशवी खाली ठेवली, पलंगाच्या पुढे येऊन जमिनीवर बसली आणि त्याचा उजवा पाय नव्या चपलेसकट उराशी धरला.